घरगुती ध्वनिमुद्रण

घरगुती ध्वनिमुद्रण म्हणजे हौसेखातर घरीच संगीत रचून, एकेक वाद्य आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे स्वतंत्र ध्वनिपट्टीवर, घेऊन ते पुरे करण्याची पद्धत. सगळे काम एकट्यानेही होते. पण बहुतेकदा चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे आणि गळा तिसऱ्याचा असतो, आणि हे तिघे क्वचितच एका खोलीत असतात.

अमेरिकन गिटारवादक लेस पॉल १९४०च्या दशकात आपल्या गॅरेजमध्ये तबकड्यांवर एकावर एक थर चढवत असे. १९५७ मध्ये त्याच्यासाठी अँपेक्स कंपनीने आठ ट्रॅकचे टेपयंत्र बनवले. सामान्य हौशी माणसाच्या हाती ही सोय आली ती १९७९ मध्ये, टास्कम कंपनीच्या पोर्टास्टुडिओ या यंत्रामुळे. साध्या कॅसेटच्या दोन्ही बाजू हे यंत्र एकाच दिशेने आणि दुप्पट वेगाने वापरी. म्हणून साठ मिनिटांच्या कॅसेटवर चार ट्रॅक मिळत, पण वेळ उरे पंधराच मिनिटे. जागा संपली की तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, म्हणजे पहिले तीन मोकळे होत. अशा प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढे, आणि एकदा केलेली बेरीज मोडता येत नसे. आज संगणकावर शंभर ट्रॅक सहज मावतात. निर्णय मात्र लांबणीवर पडतात. हौशी मंडळींची अर्धवट गाणी साठण्याचे ते एक मोठे कारण म्हणता येईल.

दूरच्या साथीदारांनी एकाच वेळी वाजवण्यात आडवा येतो तो विलंब, म्हणजेच लेटन्सी. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे साडेतीन मीटरवरच्या साथीदाराला ऐकण्यासारखे. तेवढे चालते. पंचवीस-तीस मिलिसेकंदांपुढे मात्र दोघेही एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय ओढली जाते. इंटरनेटवरचा विलंब सहज याहून जास्त असतो. त्यामुळे एकाने मुद्रण करून पाठवायचे आणि दुसऱ्याने ते हेडफोनवर ऐकत आपला भाग भरायचा, हीच रीत टिकली.

या देवघेवीत फाइली शून्य सेकंदापासून सुरू झालेल्या हव्यात, मधली शांतता कापायची नाही. लय आधी ठरवून क्लिक ट्रॅक, म्हणजे ठेका धरणाऱ्या टिकटिकीचा ट्रॅक, सोबत द्यावा. नमुनादर, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती नमुने टिपले जातात तो आकडा, तोही एकच ठेवावा: ४४,१०० चे मुद्रण चुकून ४८,००० ने वाजले तर गाणे वेगाने पळते आणि सूर जवळपास दीड अर्धस्वर चढतो. २४ बिटचा, ४८,००० दराचा एकेरी ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा घेतो. एमपी३ ऐकवायला ठीक. मिसळायला, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून एक गाणे करायला, देऊ नये.

नवखे लोक माइकवर पैसे घालतात आणि खोली विसरतात. घुमणाऱ्या खोलीत महागडा माइक ते घुमणेच जास्त इमानाने टिपतो. जाड रजया, पुस्तकांची कपाटे, कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवणे, यांनी वरच्या पट्टीतला घुमार कमी होतो. खर्जाचा मात्र फारसा होत नाही. अंड्यांच्या ट्रेंची कीर्ती मोठी, उपयोग जवळजवळ शून्य.

मिसळण्याचे काम, म्हणजे मिक्सिंग, शेवटी एकाच्याच हाती असावे लागते. ते कोणाकडे हे आधी ठरले नसेल, तर प्रत्येक नव्या आवृत्तीत ज्याचे त्याचे वाद्य थोडे थोडे मोठे होत जाते.