पोचा काढणे (पितळी वाद्ये)

तुतारी, शिंग, ट्रंपेट, युफोनियम अशा वाद्यांचा पत्रा आपटून आत दबला की त्याला पोचा पडला म्हणतात. पत्रा न कापता तो पुन्हा जागेवर आणणे म्हणजे पोचा काढणे. भांडी मठारण्याचीच, म्हणजे ठोकून पत्रा सारखा करण्याचीच, ही विद्या. पण भांड्याचे तोंड उघडे असते, वाद्याच्या नळीत हात शिरत नाही. सगळी अडचण तिथेच आहे.

कोल्हापुरात लग्नसराई, गणपतीची मिरवणूक आणि दसरा चौकातले सीमोल्लंघन यांत ही वाद्ये राबतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांच्या गर्दीत धक्के बसतात आणि गुलाल घामात कालवून नळीत बसतो. म्हणून आधी वाद्य कोमट पाण्याने आतून धुवावे.

पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा, तेव्हा आधार आतूनच हवा. कर्ण्यात, म्हणजे वाद्याच्या फुललेल्या टोकात, निमुळता लोखंडी साचा घालून वरून घासत पत्रा बसवतात. नळीत तिच्या मापाहून किंचित लहान पोलादी गोळी सोडतात. वळणावर मागून आणखी लहान गोळ्या सोडून ती पुढे ढकलतात. गोळी पोच्याशी अडली की लाकडी हातोडीचे हलके टोले पोच्याच्या कडेवर द्यायचे, मध्यावर नव्हे. कड बसते तसा मध्य उचलतो. मग जराशी मोठी गोळी. घाईने एकदम मोठी घातली तर नळी फुगते, आणि फुगलेली नळी आवळणे फार अवघड. गोळी पोचतच नसेल तर पोच्यावर सळईचे टोक डाग देऊन, म्हणजे कथील-शिसे वितळवून, चिकटवतात आणि बाहेर ओढतात.

ठोकून ठोकून पितळ ताठरते, मग चिरते. ते मऊ करायला मंद लाल होईपर्यंत ताव देतात. पण कथील-शिशाचा डाग १८३ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळू लागतो, म्हणून जवळचे जोड आधी सोडवावे लागतात. हे टाळण्यासाठी जाणता कारागीर कमीत कमी टोल्यांत काम उरकतो.

मालक बहुधा कर्ण्यावरचा पोचा आधी दाखवतो, कारण तो लोकांना दिसतो. सुराला मात्र फुंकायच्या टोकाकडच्या बारीक नळीतला हरभऱ्याएवढा पोचा जास्त बाधतो. मिरवणूक उद्यावर आली असेल तर तोच आधी काढावा.

काम झाल्यावर नळी तिरप्या उजेडात धरून अंगठा फिरवतात. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या जागी अंगठा अडला, तर गोळी पुन्हा आत जाते.