पाढा पाठ आहे, मग ‘सात आठे’ला गाडी का अडते?

तिसरीतलं मूल सातचा पाढा घडाघडा म्हणून दाखवतं. त्यालाच मोठा गुणाकार करताना मध्येच ‘सात आठे किती?’ विचारा. ओठ हलू लागतात: सात एके सात, सात दुणे चौदा… छप्पन्नला पोचेपर्यंत हातचा किती होता ते डोक्यातून गेलेलं असतं. घरचे म्हणतात, लक्ष नाही. लक्ष असतं, सराव वेगळ्याच गोष्टीचा झालेला असतो.

चालीवर म्हटलेल्या पाढ्यात प्रत्येक ओळ पुढच्या ओळीची आठवण करून देते. गाण्याची मधलीच ओळ हवी असली की सुरुवातीपासून गुणगुणावं लागतं, तसंच हे. गुणाकार करताना मात्र कुठलीही ओळ एकटी, मागचा आधार नसताना आठवावी लागते. ‘पाढा दहा वेळा लिही’ यानेही हे साधत नाही. मुलं आधी उभ्या रांगेत सात-सात लिहितात, मग एक ते दहा, आणि शेवटी आधीच्या उत्तरात सात मिळवत खाली उतरतात. वही भरते, पण आठवायची वेळ एकदाही येत नाही.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. म्हणजे रात्री पाढा म्हणून घेतला आणि ‘आला’ वाटलं, तरी त्यावर फार विसंबू नये.

पाठ करायचं ओझंही दिसतं त्यापेक्षा कमी आहे. एक ते दहाच्या पाढ्यांत 100 गुणाकार आहेत. सात आठे आणि आठ साते एकच धरले तर 55 उरतात. एक, दोन, पाच आणि दहाचे बहुतेक मुलांना लवकर येतात. ते वगळले तर फक्त 21. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे 21 तुकडे कापा. पुढे 7 × 8, मागे 56. शब्द नकोत, फक्त आकडे.

कार्ड हातात देण्याआधी एकदा ताटात शेंगदाण्यांच्या सात ओळी मांडा, प्रत्येक ओळीत आठ. मग ताट पाव फेरी फिरवा: आठ ओळी, प्रत्येकी सात. ही पायरी गाळली तर मूल 7 × 8 आणि 8 × 7 वेगवेगळे पाठ करत बसतं.

आता तीन डबे घ्या. पहिल्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली दर तिसऱ्या दिवशी, तिसऱ्यातली फक्त रविवारी. चटकन बरोबर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की थेट पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1970च्या दशकात मांडलेल्या पद्धतीचं हे घरगुती रूप. एका दिवशी नवी कार्डं दोन-तीनच, आणि एकूण वेळ दहा मिनिटं. रविवारी तासभर घेण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी चांगली.

कार्ड दाखवल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहा. नाही आलं तर ‘छ… छप्प…’ असं सुचवू नका. मूल तुमच्या ओठांकडे बघायला शिकतं. उत्तर सरळ सांगा, त्याच्याकडून पूर्ण ओळ म्हणवून घ्या आणि तेच कार्ड चार-पाच कार्डांनंतर पुन्हा काढा. आधाराला एक वाट मात्र शिकवून ठेवावी: सात पाचा पस्तीस, सात त्रिक एकवीस, दोन्ही मिळून छप्पन्न.

चुका नीट ऐकल्या तर बरंच कळतं. सात आठेला 54 किंवा 63 म्हणणारं मूल अंदाजपंचे बोलत नसतं. ती शेजारची उत्तरं आहेत, सहा नवे आणि सात नवे. म्हणून 54 आणि 56 ही कार्डं एकाच दिवशी नवी काढू नयेत. तोंडाने ‘छप्पन्न’ म्हणून 65 लिहिलं, तर पाढा बरोबर आहे. उच्चारात सहा आधी ऐकू येतो म्हणून हात आधी 6 लिहितो. जर्मन बोलणाऱ्या मुलांचीही हीच चूक होते, कारण त्यांच्याही संख्यानामांत एकक आधी येतो. त्यावर दशक-एककाची घरं आखून द्यावीत, पाढे पुन्हा घोकायला लावू नयेत.

सेमी इंग्रजीच्या मुलांची अडचण निराळी. शाळेत ‘सेव्हन एट्स’, घरी आजीचं ‘सात आठे’. पाठ केलेली अचूक उत्तरं ज्या भाषेत शिकली त्याच भाषेत लवकर आठवतात, हे द्विभाषिकांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा कार्डांची उत्तरं शाळेच्या भाषेत घ्यावीत. आजीचा पाढा गोड आहे, तो चालीसाठी राहू द्यावा.

स्टॉपवॉच आणि भावंडांची शर्यत टाळा. धास्ती असली की मनातल्या मनात आकडे धरून ठेवायची जागा तिनेच व्यापलेली असते. ज्या पालकाला स्वतःलाच गणिताची धडकी भरते, त्याने कार्डं दाखवण्यापुरतंच काम करावं, समजावायला बसू नये. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवरच्या अभ्यासात अशा पालकांनी वारंवार गृहपाठ घेतला तिथे मुलं वर्षभरात गणित कमी शिकली होती.

सगळी कार्डं तिसऱ्या डब्यात गेली की ती उलटी धरा. 56 दाखवून ‘कोणाकोणाचा गुणाकार?’ विचारा. भागाकाराला लागतं ते हेच. 21 कार्डांत 24 आणि 36 ही उत्तरं प्रत्येकी दोनदा येतात: तीन आठे आणि चार सक, चार नवे आणि सहा सक. मुलाने एकच जोडी सांगितली तर ‘अजून एक आहे’ एवढंच म्हणा आणि थांबा.