कोयनेचे अवजल आणि 'वाया जाणारे पाणी'

दर उन्हाळ्यात एक समज नव्याने फिरू लागतो: वीजनिर्मितीनंतर सोडलेले कोयनेचे पाणी, म्हणजेच अवजल, अरबी समुद्रात वाया जाते आणि ते बोगद्याने परत फिरवले की घाटमाथ्यापलीकडचा, पूर्वेकडचा दुष्काळ संपेल. यातील पहिला भाग अर्धसत्य आहे, दुसरा मात्र भूगोलच नाकारणारा आहे.

कोयना ही मुळात पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी नदी आहे. तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडून पोफळी परिसरात वीज तयार केली जाते, आणि मग ते वाशिष्ठीतून चिपळूणकडे जाते. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बचावत लवादाने या वळवणुकीवर वर्षाला ६७.५ टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. चिपळूण परिसराची तहानही याच अवजलावर भागते, त्यामुळे सगळेच 'वाया' म्हणणे चूक.

वीज मिळते ती पाणी शेकडो मीटर खाली पडते म्हणून. बोगदा उताराने पाणी नेतो, चढ चढवत नाही. एक टीएमसी, म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर पाणी ५०० मीटर उचलायचे तर पंपांतील तूट धरून साधारण ५ कोटी युनिट वीज लागते, म्हणजे त्याच पाण्याने उतरताना दिलेल्या विजेपेक्षा अधिक.

पाणी पूर्वेला हवेच असेल, तर ते खाली सोडण्याआधीच धरणातून द्यावे लागेल आणि तेवढी वीज गमवावी लागेल. खरा वाद या निवडीचा आहे. बोगद्याची चर्चा त्याला बगल देते.