सरासरी नेमकी कोणती? हवामान बदलाच्या पुराव्यामागची पार्श्वभूमी

कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो हे काही काल-परवा कळलेलं नाही, 1850 च्या दशकातच नळकांड्यांत वायू भरून ते तपासून झालं होतं, आणि हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोब 1896 मधे एकाने हाताने मांडलाही होता. तो जुना इतिहास इथेच सोडतो. 1958 पासून हवाई बेटावरच्या एका डोंगरावर हा वायू सतत मोजला जातोय. सुरुवातीला दहा लाख भागांत 315 च्या आसपास होता, 2013 मधे पहिल्यांदा 400 ला टेकला, आता 420 च्या वर आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली आठ लाख वर्षांची हवा तपासली तर त्यात तो 300 च्या वर कधी गेलेलाच दिसत नाही. बरं, वाढलेला वायू कोळसा-पेट्रोलचाच कशावरून? तर लाखो वर्षं जमिनीत पडून राहिल्याने त्यातला किरणोत्सारी कार्बन संपलेला असतो आणि तीच खूण हवेत सापडते. सूर्यच जास्त तापला म्हणावं तर वरची हवाही तापायला पाहिजे होती, पण वरचा थर थंड होतोय अन् खालचा गरम.

इथवर ठीक आहे. घोळ होतो तो 'सरासरी' या शब्दापाशी.

एप्रिलात हवामान खात्याचा अंदाज येतो, यंदा पाऊस सरासरीएवढा. पारावर बसलेले हसतात, कारण टोबलेली सरकी करपून दुबार पेरणी केलेलं सालही कागदावर सरासरीचंच निघालेलं असतं. आता ही सरासरी कोणती? देशाच्या मान्सूनची आधी 89 सेंटीमीटर धरायचे, ती 1951 ते 2000 ची. मग 1961 ते 2010 ची धरली, 88 झाली. 2022 पासून 1971 ते 2020 ची, 87. सरासरीच्या 96 ते 104 टक्के पडला की नॉर्मल. म्हणजे 84 सेंटीमीटर पाऊस जुन्या हिशोबात 94 टक्के, कमी पाऊस. नव्या हिशोबात साडेशहाण्णव टक्के, नॉर्मल! पाऊस तेवढाच राजेहो.

आता यात कोणी लबाडी केली असं नाही, दर दहा वर्षांनी सरासरी पुढे नेण्याची पद्धत जगभर आहे. आणि 89 ची 87 झाली एवढ्यावरून हवामान बदल सिद्धही होत नाही, काही दशकं कोरडी अन् काही ओली हे आपल्या मान्सूनचं जुनंच आहे.

पण तापमानात हाच प्रकार जास्त खटकतो. 2016 हे साल देशात सरासरीपेक्षा 0.91 अंश गरम होतं असं तेव्हा सांगितलं, सरासरी 1961-90 ची. पुढे 1981-2010 ची धरली तर तेच साल 0.71 झालं, आणि 1991-2020 ची धरल्यावर 0.54. साल तेच, नोंदी त्याच, दर वेळी धुरा सरकवून वावर मोजल्यासारखं. जगात दीड अंशाची जी मर्यादा सांगतात ती मात्र 1850-1900 पासून मोजलेली. दोन्ही आकडे एकाच बातमीत आले की वाचणाऱ्याला वाटतं यांचंच यांना काही माहीत नाही. माझ्या मते आकडा छापताना कुठल्या सालांपासूनचा हे सोबत लिहायलाच पाहिजे, ते कोणी लिहीत नाही.

मे 2024 च्या शेवटी नागपुरात 56 अंश दिसलं तेही आठवत असेल, मोबाईलवर नुसता धुमाकूळ. सेन्सर बिघडला होता. मंग लोक म्हणाले सगळेच आकडे खोटे. पण बिघाड आहे हे बाजूच्या यंत्रांवरूनच कळलं ना, तपासायची रीत तीच आहे.

पावसाचा खरा पुरावा सरासरीत नाहीच, तो पडण्याच्या तऱ्हेत आहे. मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना 1950 ते 2015 मधे तिप्पट झाल्या, अरबी समुद्र तापतोय आणि एक अंश गरम झालेली हवा साधारण 7 टक्के जास्त वाफ धरते म्हणून. मधले खंड अन् मग एका रात्रीत सगळं, अन् बेरीज केली तर सरासरीएवढा. अतिवृष्टी सरकारी हिशोबात 24 तासांत 65 मिलिमीटरची, तीही महसूल मंडळाच्या यंत्रावर मोजलेली. वावरात सोयाबीन पाण्याखाली आणि मंडळात 61 मिलिमीटर, तर कागदावर अतिवृष्टी झालेलीच नसते.