मुठीच्या आतला गंज

सप्टेंबर १९४५ मध्ये आग्नेय आशियातली जपानी फौज शस्त्रं खाली ठेवत होती. तिथल्या दोस्त भूदलांचे सेनापती विल्यम स्लिम तेव्हा एका गोष्टीवर अडून बसले. जपानी सेनाधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी स्वतःच्या हातांनी, आणि त्याही आपल्याच सैनिकांच्या देखत, द्यायच्या. या मोहिमेत हिंदी पलटणी मोठ्या संख्येने होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांशी झुंजली होती. युद्ध संपल्यावर अशा हजारो तलवारी सैनिकांच्या सामानातून अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात गेल्या. तो सैनिक गेल्यावर नातवंडं ट्रंक उघडतात, तेव्हा त्या बाहेर येतात.

घरच्यांना दोन गोष्टी सुचतात. ही सामुराईची असेल का, असं कुतूहल वाटतं. आणि किती गंजली आहे, जरा घासून चकचकीत करू या, असंही वाटतं. ही दुसरी गोष्ट कृपा करून करू नका. कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्या गंजातच असतं.

आधी बाहेरचा साज पाहू, कारण नजर तिथेच जाते आणि फसगतही तिथेच होते. जपानी भूदलाने १९३४ मध्ये आणि पुन्हा १९३८ मध्ये अधिकाऱ्यांसाठी तलवारीचे नवे नमुने ठरवले. मुठीवर माशाचं खरखरीत कातडं, त्यावर फितीची गुंफण, मूठ आणि पातं यांच्यामधल्या पितळी परजेवर चेरीची फुलं. मुठीला गोंडा असेल तर त्याच्या रंगावरून हुद्दा कळतो. तपकिरी आणि निळा असेल तर कॅप्टन किंवा त्याखालचा अधिकारी, तपकिरी आणि लाल असेल तर मेजर ते कर्नल. हवालदार दर्जाच्या लोकांना मात्र सरकारी तलवार मिळे. तिचा नमुना १९३५ चा. तिची मूठ ओतीव धातूची, वरून रंगवून गुंफणीसारखी दाखवलेली असते, आणि ती बांबूच्या खुंटीऐवजी स्क्रूने बसवलेली असते. पात्यावर परजेजवळ अनुक्रमांक ठोकलेला असतो. तो आकडा दिसला की शोध संपला: पातं यंत्रावर तयार झालेलं आहे.

अधिकाऱ्यांच्या तलवारीचं तसं नाही. ती त्यांनी स्वतः विकत घ्यायची असे. त्यामुळे घराण्यातलं तीनशे वर्षांचं पातं काढून त्याला नवी लष्करी मूठ आणि म्यान चढवणारे अनेक होते. मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये. आपल्याकडच्या फिरंग या तलवारीचं पातं युरोपातून आलेलं आणि मूठ इथली. मूठ पाहून पात्याचं वय सांगायला जाल तर तिथेही चुकाल आणि इथेही. साज शेवटच्या मालकाची ओळख सांगतो, पोलादाची नाही.

पोलादाची ओळख मुठीच्या आत आहे. पात्याचा जो भाग मुठीत जातो त्याला जपानीत नाकागो म्हणतात. बांबूची बारीक खुंटी अलगद ठोकून काढली की मूठ सुटते आणि नाकागो उघडा पडतो. पात्याला पॉलिश होतं, नाकागोला कधीच होत नाही. लोहाराने तो कानशीने घासून जसा सोडला, तसाच तो हवा आणि दमट लाकडाच्या सान्निध्यात गंजत जातो. पहिली काही दशकं गंज तांबूस आणि भुसभुशीत असतो, कानशीच्या रेघाही ताज्या दिसतात. शतकं उलटली की गंजाचा घट्ट, गुळगुळीत, काळपट तपकिरी थर बसतो. सरावलेला पारखी या थरावरून वयाचा अंदाज बांधतो. सँडपेपरने दोन मिनिटं घासलं की तो पुरावा कायमचा गेला, आणि तलवारीची किंमतही त्याच्याबरोबर गेली.

खुंटीचं भोकही पाहायचं. जुनी भोकं हाताने पाडलेली, किंचित वेडीवाकडी असतात. यंत्राने पाडलेलं भोक काटेकोर गोल असतं. दोन-तीन भोकं असतील तर पातं कधीतरी आखूड करून नव्या मुठीत बसवलेलं असू शकतं. सोळाव्या शतकाच्या सुमारास लढाईची रीत बदलली आणि कित्येक लांब जुनी पाती नाकागोच्या बाजूने कापली गेली. त्यात लोहाराचं नावही कापलं गेलं. म्हणून नाव नसलेलं पातं कमी दर्जाचं समजू नये.

नाव असेल, तर ते कोणत्या बाजूला आहे तेही महत्त्वाचं. जुनी ताची ही तलवार धार खाली ठेवून कमरेला लटकवत, नंतरची काताना धार वर ठेवून पट्ट्यात खोचत. नाव सहसा अंगापासून दूरच्या बाजूला कोरत, त्यामुळे दोन्हींत त्याची बाजू बदलते. दुसऱ्या बाजूला कधी तारीख असते, तीही राजवटीच्या वर्षात. शोवा १८, म्हणजे शोवा या राजवटीचं अठरावं वर्ष, हे १९४३. पण मोठ्या लोहाराचं नाव दिसलं म्हणून हुरळून जायचं कारण नाही. नामांकित लोहारांच्या खोट्या सह्या जपानमध्ये शतकानुशतकं होत आल्या आहेत. इथेही गंजच साक्ष देतो. छिन्नीच्या खाचेतला गंज भोवतालच्या गंजाइतकाच जुना हवा. खाचेने जुना थर फोडलेला दिसला, तर नाव मागाहून कोरलं आहे.

युद्धकाळातल्या अनेक पात्यांवर नाकागोला बारीक शिक्का सापडतो. गिफू प्रांतातलं सेकी हे पात्यांचं जुनं गाव, त्याच्या नावाचा शिक्का किंवा ‘शोवा’ असा शिक्का बहुधा कारखान्याच्या पोलादाची खूण असते. चांदणीचा शिक्का वेगळा. तो भूदलाने मान्यता दिलेल्या, पारंपरिक पोलाद वापरणाऱ्या लोहारांचा.

हे पारंपरिक पोलाद म्हणजे तामाहागाने. शिमाने प्रांतात मातीच्या भट्टीत लोहवाळू आणि कोळसा आळीपाळीने टाकत तीन दिवस आणि तीन रात्री जाळतात. शेवटी भट्टी फोडून पोलादाचा अवजड गोळा काढतात. त्यात कार्बनचं प्रमाण जागोजागी वेगळं असतं. ते सारखं व्हावं म्हणून लोहार तुकडा तापवून, ठोकून, दुमडत जातो. पंधरा घड्या घातल्या तर ३२,७६८ थर होतात. चांगल्या पॉलिशखाली हे थर लाकडाच्या रेषांसारखे दिसतात. कारखान्याच्या पोलादात ते दिसत नाहीत.

मग पाणी देण्याची वेळ. पात्यावर माती लिंपतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की धार क्षणात थंड होते आणि तिथे मार्टेन्साइट हा अतिशय कठीण स्फटिकरूप प्रकार तयार होतो. मातीखालची पाठ सावकाश थंड होते, तिथे मऊ आणि चिवट पर्लाइट राहतो. मार्टेन्साइट जागा जास्त व्यापतो, म्हणून धारेची बाजू ताणली जाते आणि पातं पाठीकडे वाकतं. जपानी तलवारीचा तो डौलदार बाक बराचसा या पाण्यात घडतो, हे मला या सगळ्या विद्येतलं सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र वाटतं. दोन प्रकारांच्या सीमेवर जी पांढुरकी लाट उमटते ती हामोन. पातं दिव्याखाली तिरपं धरा. खऱ्या हामोनच्या कडेला धुक्यासारखी झाक किंवा चमकणारे सुटे कण दिसतील. युद्धकाळातली बरीच पाती तेलात थंड केली, कारण तेलात तडे कमी जातात. त्यांची लाट निर्जीव वाटते. ॲसिडने काढलेली नक्कल तर रंगवल्यासारखी सपाट दिसते.

प्रयोगशाळा याच्याही पुढे जाते. लोहवाळूत टायटॅनियम असतं, म्हणून तामाहागानेत अडकून राहिलेल्या मळीच्या, म्हणजे अशुद्धीच्या, कणांत त्याचा माग सापडतो. कारखान्याच्या पोलादात मँगनीज आणि गंधकाचे कण मिळतात. पण त्यासाठी नमुना कापावा लागतो, आणि जुन्या पात्याला कापायला कोण धजेल? न्यूट्रॉनचा झोत पोलादातून आरपार जातो, पात्याला ओरखडाही न येता आतला कार्बन आणि मार्टेन्साइट मोजता येतो. इटलीतल्या संग्रहातल्या जपानी तलवारींवर इंग्लंडच्या आयसिस या न्यूट्रॉन संशोधन केंद्रात असे प्रयोग झाले आहेत.

नीट ओळख पटली तर काय घडू शकतं, याचं उदाहरण वॉल्टर कॉम्प्टन या अमेरिकन संग्राहकाचं आहे. बाजारातून आलेल्या तलवारींत त्यांना एक ताची मिळाली. ती तेराव्या शतकातल्या कुनिमुने या लोहाराची निघाली. कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानातून युद्धानंतर नाहीशी झालेला तो राष्ट्रीय ठेवा होता. १९६३ मध्ये त्यांनी ती एक पैसाही न घेता परत केली. उलट, जपानवर पूर्वी सत्ता गाजवणाऱ्या तोकुगावा घराण्याची होन्जो मासामुने ही तलवार डिसेंबर १९४५ मध्ये टोकियोच्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा झाली आणि पुढे बेपत्ता झाली. कदाचित तीही कुणाच्या ट्रंकेत असेल, म्हणून तर घासू नका म्हणतो.

परत करायची इच्छा असेल तरी ओळख आधी लागते. जपानमध्ये १९५८ च्या कायद्यानुसार पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारीचीच नोंद होते, यंत्रावरची तलवार तिथे ठेवता येत नाही. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे आणि ९ इंचांहून लांब पातं त्याच्या कक्षेत येतं. परवान्याचं पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

तोवर पात्याला बोट लावू नका, घामाचा डाग काही दिवसांत गंजतो. पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा, नाकागोला तेल नको. नाकागोच्या दोन्ही बाजूंचे, शिक्क्यांचे आणि भोकांचे स्वच्छ उजेडात फोटो काढा. म्यानाला लाकडाची चिठ्ठी किंवा कापडाची पट्टी बांधलेली असेल तर ती सोडू नका. शरणागतीच्या वेळी काही अधिकाऱ्यांनी तिच्यावर आपलं नाव आणि पत्ता लिहिला होता, आणि त्यावरून कुटुंबं सापडली आहेत. आजोबांचं सर्व्हिस बुक, पलटणीचं नाव, त्यांनी सांगितलेली गावं, हेही त्याच फोटोंसोबत लिहून ठेवा.