१३ जुलै १९९७ ची मॅच फायनल नव्हती, फायनल साळगावकरने जिंकली

कलकत्त्यातल्या सॉल्ट लेकचं खच्चून भरलेलं फुटबॉल स्टेडियम, खाली लिहिलेलं "१९९७ ची फेडरेशन कप फायनल, १,३१,७८१ प्रेक्षक, भायचुंगची हॅटट्रिक", ही पोस्ट मी आता इतक्यांदा बघितलीय की राहवत नाही. आकडा बरोबर, हॅटट्रिकही बरोबर, पण ती फेडरेशन कपची, म्हणजे भारतातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेची, ईस्ट बंगाल-मोहन बागान सेमीफायनल होती हो!

सेमी तुम्हाला माहितीच असणार. मोहन बागानचे कोच अमल दत्त यांची डायमंड सिस्टीम (मैदानावर खेळाडू मांडायची त्यांची पद्धत), समोर कोच पी. के. बॅनर्जींची ईस्ट बंगाल, त्यांच्याकडून आधी नझीमुल हकचा गोल, मग भायचुंग भूतियाचे तीन, मोहन बागानकडून चीमाचा एकच, ईस्ट बंगाल ४-१. पुढे जाऊ.

फायनल झाली ईस्ट बंगाल आणि साळगावकर यांच्यात, आणि साळगावकरने ती २-१ अशी जिंकली. म्हणजे १९९७ चा फेडरेशन कप गेला गोव्याला, वास्कोच्या क्लबकडे. घोळ का होतो तेही कळतं मला, दोन्ही मॅचमध्ये ईस्ट बंगाल आहे, त्यातली एक त्यांनी दणक्यात जिंकली, मग डोक्यात तीच राहते आणि माणूस बिनधास्त लिहून टाकतो की ९७ ला कप ईस्ट बंगालने नेला. नाही नेला. त्यांनी आदल्या वर्षी नेला होता, डेम्पोला हरवून. आणि दुसरं म्हणजे गर्दीवरून मॅच कुठली ते ठरवायचं नसतं. ते सव्वा लाखाच्या वर लोक डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांची मॅच, बघायला आले होते, ईस्ट बंगाल-मोहन बागान म्हटल्यावर कलकत्त्यात लोक येणारच, मग सेमी असो नाहीतर साधी लीग मॅच. नॉकआउटमध्ये सेमी जिंकली की फायनलचं तिकीट मिळतं, बस, ते ४-१ होतं की १-० होतं याने फायनलला काडीचा फरक पडत नाही.

काही जण याला संतोष ट्रॉफी म्हणतात, ती राज्यांची, फेडरेशन कप क्लबांचा होता, एवढं पुरे.

मला खरा राग येतो तो आपल्याकडची माणसंही, अगदी गोव्यातलीसुद्धा, ही पोस्ट डोळे झाकून पुढे ढकलतात तेव्हा. अरे, कप तुमच्या घरी आला होता! साळगावकरने हा कप चार वेळा घेतलाय, १९८८, १९८९, १९९७ आणि २०११, आणि १९८८ च्या आधी गोव्याच्या एकाही क्लबला तो मिळाला नव्हता. ९७ नंतर लगेच १९९८-९९ ची नॅशनल लीगपण त्यांचीच. माझ्या मते त्या काळातल्या ह्या टीमबद्दल जितकं लिहिलं जायला हवं त्याच्या पावपटही लिहिलं जात नाही, आणि जो कप त्यांनी जिंकला त्याच्या नावाखाली दुसऱ्याच मॅचचा फोटो लागतो.

आणि हो, २०११ च्या फायनललाही समोर ईस्ट बंगालच होती, तेव्हा ३-१. निदान ह्या दोन फायनलची तरी आता सरमिसळ करू नका.