अलगतावाद, अमेरिकी

परकीय सत्तांचा प्रभाव आणि त्यांच्याशी कायमची राजकीय बांधिलकी टाळण्याचे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे परराष्ट्रधोरण. जगाशी फारकत घेणे असा त्याचा अर्थ लावला जातो, तो बरोबर नाही. व्यापार सर्वांशी, पण राजकीय संबंध बेताचे, अशी मूळची भूमिका होती. ‘अलगतावाद’ ही संज्ञाही नंतरची; ती बहुधा विसाव्या शतकातील वादांतच रूढ झाली असावी.

या धोरणाचा आधार म्हणून पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे निरोपाचे भाषण दाखवले जाते. भाषण म्हटले, तरी ते कोणापुढे केलेले नाही. १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियात क्लेपूल यांच्या वृत्तपत्रात ते छापून आले. ते मुळात कोणी लिहिले याविषयी दीर्घकाळ वाद झाला. १७९२ मध्ये जेम्स मॅडिसन (पुढे राष्ट्राध्यक्ष) यांनी एक मसुदा केला होता. मे १७९६ मध्ये वॉशिंग्टन यांनी तो स्वतःच्या मजकुरासह माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्याकडे पाठवला आणि जुलैअखेर हॅमिल्टन यांचा विस्तृत मसुदा परत आला. पुढे हॅमिल्टन यांच्या पत्नीने लेखनाचे श्रेय पतीला दिले. उलट, छपाईला दिलेली प्रत वॉशिंग्टन यांच्याच हस्ताक्षरात, त्यांच्या खाडाखोडीसह, न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहे. हस्ताक्षरावरून मात्र शब्दरचना कोणाची हे ठरत नाही. मेमधील मजकूर येथे अधिक निर्णायक वाटतो. आपल्या व्यापाराच्या नियमनापुरते सोडून कोणत्याही राष्ट्राच्या राजकारणाशी जोडले जाऊ नये, हे वॉशिंग्टन यांनी त्यातच लिहिले होते. म्हणून भाषा बरीचशी हॅमिल्टन यांची, पण विचार वॉशिंग्टन यांचा, हे मत ग्राह्य दिसते.

‘गुंतवून टाकणाऱ्या युती’ हा प्रसिद्ध शब्दप्रयोग या भाषणात नाही. तो राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांच्या ४ मार्च १८०१ च्या शपथविधीच्या भाषणातला आहे. वॉशिंग्टन यांचा आक्षेप ‘कायमच्या’ युतींना होता. असाधारण प्रसंगी तात्पुरती युती त्यांना मान्य होती. हा भेद महत्त्वाचा असूनही वारंवार सुटतो. कायमच्या युतींवरील आक्षेपामागे १७७८ च्या फ्रान्सबरोबरच्या युतीच्या तहाचा अनुभव होता. स्वातंत्र्ययुद्धात तो उपकारक ठरला. १७९३ मध्ये फ्रान्स व ब्रिटन यांच्यात युद्ध पेटताच त्याचेच ओझे झाले. त्या वर्षीच्या वॉशिंग्टन यांच्या तटस्थतेच्या घोषणेत ‘तटस्थता’ हा शब्द कटाक्षाने टाळलेला आहे. फ्रान्सबरोबरच्या १८०० च्या करारानंतर ही युती संपली.

युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत हस्तक्षेप करू नये, हा मन्रो सिद्धांत (१८२३) याच विचाराचा विस्तार होय. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह अमेरिकेच्या सिनेटने १९१९ व १९२० मध्ये फेटाळला; १९३५ पासून तटस्थतेचे कायदे झाले. १९४९ मध्ये मात्र अमेरिका उत्तर अटलांटिक तहात, म्हणजे युरोपीय देशांबरोबरच्या लष्करी युतीत (नाटो), सामील झाली.